वरची दाढ आणि चांदीचे डोळे

ता. २६ ऑक्टोबर १९६९, रविवार. वेल्हे

दिवाळीचा जिन्नस आज भोरहून आला. माझा धाकटा भाऊ सावळाराम तिथे कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो, त्याने बांधून एस.टी.त टाकला.

रवा २ किलो – २.६०
गूळ ३ किलो – ३.७५
सुके खोबरे अर्धा किलो – ३.२५
वेलदोडे – १.००
कापूर, उदबत्ती – ०.९०
सुया, एक पुडी – ०.१५
लवंगेचे तेल, लहान बाटली – ०.७५
हमाली – ०.५०
एकूण रु. १२.९०

लवंगेचे तेल दिवाळीत धरायचे नाही. ते माझ्या दाढेचे. वरची, उजव्या बाजूची, मागून दुसरी. पितृपक्षात वडा खाताना तिचा टवका उडाला, तेव्हापासून गार पाणी लागले की कळ थेट कानशिलात जाते. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेऊन दाबून धरले, घटकाभर बरे वाटले.

सुया मात्र परत पाठवण्याजोग्या. नेढी इतकी बारीक पाडली आहेत की दोरा शिरतच नाही. तीन सुया बदलल्या. शेजारची साळूबाई चकलीचा सोऱ्या मागायला आली होती, शेवटी तिच्याकडून ओवून घेतली. तिचे हात शेतातले, राकट, तरी तिने एका दमात ओवली. म्हणाली, "वैनी, सुईला बोल लावू नगा. दाढ ठणकाया लागली की हात थरथरतोच." तसेच असेल. तिचीही वरचीच दाढ किडली आहे, डाव्या बाजूची. तिला ठाऊक.

ता. ३ नोव्हेंबर, सोमवार

ह्यांच्या पहिल्याच घासात खडा आला. हे शाळेतले हेडमास्तर, बोलत नाहीत. खडा ताटाच्या कडेला ठेवला आणि त्याच्याकडे बघत जेवले. दुसरा आला तेव्हा म्हणाले, "तांदूळ निवडलेत की मोजलेत?"

मी दोनदा निवडले होते. यंदा गिरणीवाला पाखडतच नाही असे दिसते. पुढच्या खेपेला भात घरी कांडून घ्यावे.

दाढ रोज संध्याकाळी चढते. आज आत्याबाईंनी (सासूबाईंनी) त्यांच्या डबीतली चिमूटभर मिश्री लावायला दिली. एरवी मी मिश्रीला शिवत नाही. आज शिवले. डोके गरगरले, दाढ तिथेच.

ता. ६ नोव्हेंबर, गुरुवार

रखमाजीच्या दुकानातले रॉकेल भेसळीचे आहे. आठ दिवस पाहते आहे, कंदिलाची काच राखेने घासली, वात नवी घातली, तरी उजेड म्हणून नाही. वहीतले आकडे एकमेकांत मिसळतात. आज बाटली घेऊन दुकानात गेले आणि चार माणसांत बोलले.

रखमाजी म्हणाला, "बाई, ह्याच पिंपातलं शाळंत जातं, कचेरीत जातं. गुरुजींना इचारा की."

"गुरुजींना काय विचारायचं? दिवा मी लावते."

त्याने मुकाट्याने बाटली बदलून दिली. बदललेले रॉकेलही तसेच. एकाच पिंपातले असेल.

ता. १३ नोव्हेंबर, गुरुवार

भाऊबीजेला सावळाराम येऊन गेला. ओवाळताना माझा गाल पाहून म्हणाला, "अक्का, तुझा एक गाल दिवाळीचा आणि एक शिमग्याचा दिसतोय." हसले तर कळ आली.

त्याने सांगितले, पुण्याचे एक दातांचे डॉक्टर दर गुरुवारी भोरला येतात, चौकातल्या एका माडीवर बसतात, सुई टोचून दात काढतात, पाच रुपये घेतात. त्याच्या मालकांनी दोन काढून घेतले.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "खालचे का वरचे?"

"कुणाचे? मालकांचे? खालचे असतील."

"मंग. खालचा दात निराळा. वरच्याची मुळी डोळ्याला असती. आमची धोंडाबाई, गुंजवण्याची, माझी चुलतजाऊ. वरची दाढ काढली आन् वरसाच्या आत दोन्ही डोळं गेलं. चुलीतला जाळ कुठं हाय ते हातानं चाचपायची."

सावळाराम काहीतरी बोलायला गेला, मी डोळ्याने दटावले. सणाच्या दिवशी वाद नको.

पण तो गेल्यावर मनातून ते जाईना. खरे काय आहे ते लिहून ठेवते. दाढेचे भय मला नाही. दोन बाळंतपणे झाली, त्यापुढे दाढ काय. पण या आळीत लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटी. भोरच्या शाळेतून मॅट्रिक झाले तेव्हा माझ्या वर्गात आम्ही तीनच मुली होतो. मार्गशीर्षात दुपारची पोथी मी वाचते आणि पंधरा-वीस बायका ऐकतात. साळूबाईचा नवरा गेनू मुंबईला गिरणीत आहे, त्याची पत्रे मी वाचून दाखवते आणि जबाबही मीच लिहिते. लेक किकवीला दिली, तिची खुशाली मला कागदावरच कळते. डोळे गेले तर माझ्यापाशी उरते काय? भाकरी चाचपडतही थापता येते.

ता. १९ नोव्हेंबर, बुधवार

चार दिवस पेज. गाल डोळ्यापर्यंत चढला आहे. काल देवपूजेत आरती म्हणताना तोंड उघडेना, नुसती घंटा वाजवली.

हे म्हणाले, "मी उद्याच्या गुरुवारची रजा टाकतो."

"उद्या नको. आत्याबाईंना विचारू."

"आईला विचारून दाढ थांबणार आहे का?"

आत्याबाईंना मीच विचारले. त्या बराच वेळ वाती वळत बसल्या. मग म्हणाल्या, "सूज उतरू दे. पुढल्या गुरवारी जा. मी मेंगाईला बोलून ठिवते. डोळं शाबूत ऱ्हायलं तर चांदीचं डोळं वाहीन."

चांदीच्या डोळ्यांना काय पडते ते मी विचारले नाही. मनात मात्र आले. देवी क्षमा करो.

ता. २८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल दाढ काढली. काल लिहिणे शक्य नव्हते, आज सविस्तर लिहिते.

सकाळच्या एस.टी.ने निघालो, चेलाडीच्या फाट्यावर उतरून भोरची गाडी धरली. फाट्यावर तासभर उभे. ह्यांनी चहा घेतला, मी नाही. गरम सोसत नाही. वाटेत मनात देवीचे नाव घेत होते.

माडीवर बाकावर आमच्या आधी सातजण. आतून कोणी ओरडले की बाकावरचे सगळे एकमेकांकडे बघून हसत. माझ्या शेजारी नसरापूरचा एक पैलवानी गडी होता, त्याला घाम फुटला होता. मला म्हणाला, "ताई, तुमी आदी जावा. बायामाणसांचा मान." मी गेले.

डॉक्टर पिकल्या केसांचे, बोलणे शांत. आरशाच्या काडीने पाहून म्हणाले, "किती दिवस सोसलंत?"

"दोन महिने."

"दोन महिने दाढेने तुम्हाला सोसलं असं म्हणा."

मी आधीच विचारून टाकले, "वरची आहे. डोळ्याला काही होणार नाही ना?"

ते म्हणाले, "दर गुरुवारी निदान दोघे तरी हेच विचारतात. बाई, दाढेची मुळं हाडात असतात. डोळ्याचा कारभार निराळा." मग सुई हिरडीत दिली. सुई लागली ती लागली, पुढे गाल दुसऱ्या कोणाचा असावा तसा झाला. चिमटा लावून त्यांनी हलवली, डोक्यात करकर आवाज झाला, दार निखळावे तसा, आणि "झालं" म्हणाले. मला वाटले अजून सुरुवात आहे. तीन मुळांची दाढ, एक मूळ काळे. कागदात बांधून दिली.

कापसाचा बोळा दाताखाली दिला आणि छापील कागद हातात दिला, काय करावे आणि काय करू नये त्याचा. मी वाचू लागले. टंक फारच बारीक, कागदही पिवळट. लांब धरून पाहिला तेव्हा थोडे लागले. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. म्हणाले, "वय काय तुमचं?"

ह्यांनी सांगितले, "बेचाळीस."

"वाचायला चष्मा आहे का?"

बोळा तोंडात होता म्हणून मी नुसती मान हलवली. दातांच्या डॉक्टरला चष्म्याशी काय करायचे आहे? हे लोक आपल्या कामापुरते का राहत नाहीत कोण जाणे. त्यांनीच मग कागद वाचून दाखवला: चोवीस तास चूळ भरू नये, गरम खाऊ नये, तंबाखू-मिश्री वर्ज्य, जखमेला जीभ लावू नये.

घरी येईतो रक्त थांबले होते. रात्री थंड भात-ताक.

आज पहाटे उठून आंघोळ केली आणि देवापुढे बसायच्या आधी तोंड स्वच्छ केले. चूळ भरू नका म्हटले होते हे खरे, पण रक्ताच्या तोंडाने देवाला शिवायचे कसे? बारा चुळा भरल्या, पाणी निवळ येईपर्यंत. एक काळसर गाठ पडली, तीही गेली. बरेच झाले, घाण निघाली. मग पूजा नीट झाली.

आत्याबाईंनी मला अंगणात उभे करून विचारले, "त्या आंब्यावर काय बसलंय?"

"कावळा."

"किती?"

"एकच."

"ऱ्हायलेत," त्या म्हणाल्या.

ता. १ डिसेंबर, सोमवार

दाढ काढून पाचवा दिवस आणि दुखणे पहिल्यापेक्षा जास्त. दाढ नाही तरी दाढ दुखते. कानात, डोळ्यामागे, अर्धे डोके. तोंडाला वास येतो. साळूबाई दूध घेऊन आली, दारातच थांबून म्हणाली, "वैनी, डोळ्यामागं दुकतंय?"

"हो."

तिने दुधाचे भांडे ठेवले आणि आपल्या गालावर हात ठेवून गेली.

ता. ५ डिसेंबर, शुक्रवार

काल पुन्हा भोरला गेले. ह्यांना रजा नाही, एकटीच गेले. सावळाराम स्टँडवर होता. डॉक्टरांनी पाहिले आणि पहिला प्रश्न, "चुळा भरल्यात?"

"देवपूजेसाठी."

"किती?"

"बारा."

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. "बाई, जखमेवर रक्ताची गाठ बसते ती झाकण. ती तुम्ही धुऊन काढलीत, आता हाड उघडं पडलंय. तुमच्या देवाला एक दिवस घंटा वाजवून भागलं नसतं का?"

मी म्हटले, "सूज होती तेव्हा भागवलं होतं."

ते हसले. लवंगेच्या वासाची पट्टी खड्ड्यात भरली आणि पैसे घेतले नाहीत. बाहेर पडले तेव्हा दुखणे निम्मे. काल रात्री महिन्यानंतर झोप लागली.

ता. ७ डिसेंबर, रविवार

दुखणे गेले. आज ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. हे लिहायला आनंद व्हायला हवा.

दहा दिवसांचा हिशेब तुंबला होता म्हणून दिवेलागणीला वही घेऊन बसले. तीनचा आठ आणि आठचा तीन. ओळी तरंगतात. डोळे चोळले, वात मोठी केली, काही नाही. बाहेर पाहिले तर आंबा दिसतो, तोरण्याची कड स्वच्छ दिसते. फक्त अक्षरेच नाहीत. जे माझे आहे तेवढेच जाते आहे.

धोंडाबाईचे वर्षात गेले होते. माझे दहा दिवसांत.

कोणाला सांगितले नाही. हिशेब अर्धा ठेवला.

ता. १० डिसेंबर, बुधवार

मार्गशीर्ष लागला. दुपारी देवळात पोथी. बायका सगळ्या आल्या होत्या. मी पोथी उघडली, ओळीवर बोट ठेवले आणि डोळे जवळजवळ मिटूनच वाचले. पंधरा वर्षे वाचते आहे, पहिला अध्याय पाठ आहे. कोणाच्या लक्षात आले नाही. रतनबाई तर म्हणाली, "आज वाचनात लई भाव हुता, बाई." मला देवळातून पळावेसे वाटले. देवासमोर बसून वाचल्याचे सोंग केले. आणि पुढचे अध्याय इतके पाठ नाहीत.

घरी आल्यावर ह्यांना सांगावे म्हणून दोनदा तोंड उघडले. ते मुलांच्या वह्या तपासत होते. काय सांगू? आत्याबाई म्हणतील, सांगितलं होतं. हे म्हणतील, मी रजा काढून नेलं.

ता. १२ डिसेंबर, शुक्रवार

गेनूचे पत्र आले. साळूबाई घेऊन आली, हात धुऊन, पदर सावरून, नेहमीसारखी समोर बसली. माजघरात उजेड नव्हता. म्हटले, "ओट्यावर बसू." ओट्यावर उन्हात पत्र धरले, हात लांब केला, आणखी केला. तेव्हा अक्षरे लागली. वाचू लागले.

साळूबाई म्हणाली, "वैनी, येवढं लांब का धरताय? गिरणीचा वास येतोय व्हय?"

मी हसले नाही. तेवढ्यानेच तिला कळले. पत्र माझ्या हातातच राहिले आणि ती माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"गेलं का वो?"

"गेले नाहीत. कमी झालेत."

"दाढंपासनं?"

मी हो म्हटले. खोटे कशाला बोलू? दाढेपासूनच तर.

ती पत्र घेऊन उठली. गेनूने शेवटी काय लिहिले ते ऐकलेही नाही. दारातून म्हणाली, "गुरुजी मला बी पुढल्या गुरवारी न्हेतो म्हनले हुते. म्या न्हाई जायाची. मला दोन कच्चीबच्ची हायत, वैनी. दाढ काय, सोसंल."

ता. १५ डिसेंबर, सोमवार

साळूबाईचा डावा गाल रात्रीत सुजला. डोळा झाकला गेला, तोंडात बोट शिरत नाही, अंगात ताप. मी पेज घेऊन गेले तर वाटीने पाजता येईना, चमच्याने ओठांच्या फटीतून घातली. हे तिला बळेच सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई दिली आणि रोज एक घ्यायला सांगितली. म्हणाले, सूज उतरेल, पण दाढ काढल्याशिवाय पुन्हा येईल, आणि पुन्हा आली तर गळ्यात उतरायची; दात काढायचे सामान इथे नाही, भोर गाठा.

साळूबाईने मान हलवली. नाही.

डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन म्हटले, "गुरुजी, समजवा. गेल्या साली अशीच एक बाई दगावली."

हे मला म्हणाले, "ती तुझं नाव सांगते. म्हणते मास्तरीणबाईंचे डोळे गेले. कुठे गेले? मला का नाही सांगितलं?"

मग सांगितले सगळे. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कधीपासून दिसत नाही?"

"दाढ काढल्यापासून."

"नक्की?"

हेडमास्तरांची ही सवय. उत्तर दिले तरी नक्की का म्हणून विचारायचे.

ता. १६ डिसेंबर, मंगळवार

आज दुपारी पोथीला गेले नाही. ह्यांचा तो 'नक्की?' डोक्यातून जाईना. रखमाजीचे रॉकेल कोणत्या तारखेला बदलून आणले ते पाहावे म्हणून ही वही घेऊन ओट्यावर उन्हात बसले आणि हात लांब करून मागची पाने वाचली. एकेक ओळ लावायला वेळ लागला, पण लागली.

२६ ऑक्टोबर: सुयांची नेढी बारीक.
३ नोव्हेंबर: तांदळात दोन खडे, मी दोनदा निवडलेले.
६ नोव्हेंबर: रॉकेल भेसळीचे, आकडे मिसळतात.
२७ नोव्हेंबर, दाढ नुकतीच काढलेली, रक्तही थांबले नव्हते: कागदाचा टंक बारीक, लांब धरल्यावर लागला.

दाढ गेली ती सत्तावीसला. पहिल्या तीन नोंदी दाढ तोंडात असतानाच्या. अक्षर माझे, तारीख माझी.

सुई बनवणारा, गिरणीवाला, रखमाजी, छापखाना, सगळ्यांवर ठपका ठेवला आणि शेवटी दाढेवर. डॉक्टरांनी वय विचारले तेव्हा मला राग आला होता. आता कळते कशाचा. माझी आई बेचाळिसाव्या वर्षी चाळिशी लावून बसायची आणि मला ती म्हातारी वाटायची.

हे शाळेतून आले तेव्हा वही पुढे ठेवली. त्यांनी चार ओळी वाचल्या, आपला चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवला आणि पोथी हातात दिली. अक्षरे उभी राहिली. काना, मात्रा, सगळे. मला रडू आले. ते म्हणाले, "रडू नको, काच भिजते."

ता. १७ डिसेंबर, बुधवार

वही घेऊन साळूबाईकडे गेले. आत्याबाईही बरोबर आल्या, मी नको म्हणत असताना. तिसऱ्या सुईनंतर साळूबाईची सूज थोडी उतरली आहे, बोलता येते. ह्यांचा चष्मा लावून मी चारही नोंदी वाचून दाखवल्या.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "वैनी, मला वाचाया येत न्हाई. ह्ये तुमी काल रातच्याला लिवलं नसंल कशावरनं? मला भोरला धाडाया?"

ज्याच्या जोरावर गेले होते तो कागद तिच्या लेखी कोराच. मग म्हटले, "कागद राहू दे. तू सोऱ्या मागायला आली होतीस, तेव्हा माझी सुई कोणी ओवली?"

"म्याच."

"तू चकल्या कधी केल्यास?"

"दिवाळीला. का?" आणि ती थांबली. बोटांवर मोजले. "तवा तुमची दाढ हुती. ठणकत हुती, म्याच म्हनले हात थरथरतो म्हून."

"हात थरथरत नव्हता, साळू. मला नेढं दिसत नव्हतं. कबूल करायची लाज वाटली."

ती मग म्हणाली, "मंग येवढं दीस मला घाबरं केलंत?"

"केलं. माझं चुकलं."

आत्याबाई म्हणाल्या, "आन् आमच्या धोंडाबाईचं? तिचं तर गेलंच की."

मी विचारले, "दाढेच्या आधी त्यांना नीट दिसायचं का?"

"दिसायचं की. आता, मांजरावर पाय द्यायची. पर ते आदीपासनं का मागनं, कुनाला याद हाय. लई मांजरं हुती तिच्याकडं." मग जरा वेळाने, "चुलीत हात बी घातला हुता एकदा. शांतीच्या लग्नात. ते आदीच म्हनायचं." पण मानल्यासारख्या त्या दिसल्या नाहीत.

साळूबाईने पदराने गाल झाकला. "तुमी संगं येनार?"

"येणार. आणि दुसऱ्या दिवशी चूळ भरू देणार नाही."

"देवाचं?"

"देवाला घंटा वाजवून चालतं. डॉक्टरांनी सांगितलंय."

येताना रखमाजीच्या दुकानावरून आले. चारचौघांत बोलले होते म्हणून चारचौघांतच सांगितले की रॉकेल चांगले होते. तो म्हणाला, "बाई, मग बाटली बदलून दिली त्येचं काय?" सगळे हसले. मीही हसले, आता दुखत नाही.

ता. १९ डिसेंबर, शुक्रवार

काल गुरुवार होता, पण साळूबाईचा ताप पुरता उतरला नव्हता. दवाखान्याच्या डॉक्टरांनी चार दिवस थांबून न्या म्हटले. पुढचा गुरुवार पंचवीस तारखेचा. हे म्हणाले, नाताळची सुट्टी आहे, तुझे डॉक्टर बसतात की नाही ते आधी विचार. चष्म्याशिवाय, उन्हात बसून पत्र लिहिले. नक्कल ठेवते:

चि. सावळाराम यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

माझी दाढ बरी झाली, खड्डा भरत आला. काळजी करू नये. आमच्या शेजारच्या साळूबाईची वरची दाढ काढायची आहे. सूज गळ्याकडे उतरण्याचे भय असल्याने उशीर चालणार नाही. मोठ्या कष्टाने तयार झाली आहे. भोरला येऊन दार बंद दिसले तर ती परत यायची नाही, म्हणून विचारते. पंचवीस तारखेला नाताळ आहे, त्या गुरुवारी डॉक्टर माडीवर बसणार आहेत का? नसल्यास पुण्यात त्यांचा पत्ता काय? दुकानाच्या मालकांना नक्की ठाऊक असेल.

दुसरे, चष्मेवाला भोरला बाजाराच्या दिवशी येतो का, की रोज असतो? मला चाळिशी घ्यायची आहे. हसू नये.

तिसरे, सोनाराकडे चांदीचे डोळे काय भावाने मिळतात ते विचारावे. आत्याबाई म्हणतात, डोळे राहिले, नवस फेडायचा. एक जोडी माझी, आणि साळूबाईसाठीही त्या परस्पर बोलून आल्या आहेत, म्हणजे दोन जोड्या. हलक्यातल्या चालतील; देवीला वजनाशी काम नाही.

आम्ही बुधवारी रात्री बांधाबांध करून ठेवू. तुझे उत्तर त्याच्या आत हाती पडले पाहिजे, तरी उलट टपाली कळवावे. अक्षर जरा मोठे काढावे.

तुझी,
अक्का